वरचा तळ

लिहिताना आधी एक ‘ह’ लिहायचा,
बोलताना तो गिळायचा: ओंदा.
आमच्या भाषेत या शब्दाचा अर्थ खोल.
आणि भोवती डोंगर असे,
की बाजारात गुळाच्या ढेपा उपड्या मांडून
विकणारा जेवायला निघून गेलाय.
एकालाही शेंडा नाही.

शाळेत मी डोंगर काढला तो त्रिकोणी, वर बर्फ.
ओमायरा बाई काही बोलल्या नाहीत,
खिडकीकडे नुसतं बोट केलं.
शेंडा खोडता खोडता कागद फाटला.

माग्दालेना इथवर येते आणि अडखळते,
खडकांशी हुज्जत घालत फेसाळते.
म्हणून समुद्राकडून आलेल्या बोटी इथेच थांबायच्या.
आरसे, पियानो, औषधांच्या पेट्या
खेचरांच्या पाठीवर चढायच्या
आणि राजधानीची चढण लागायची.
गोदामं अजून उभी आहेत.
एकात मी सायकली दुरुस्त करते,
शेजारच्यात वटवाघळं.
पूल मात्र मोजावे तितके.
बाबा म्हणायचे, निघायला एवढ्या वाटा असल्या
की गाव रिकामं व्हायला वेळ लागत नाही.

बाबांचं नाव एवेलियो. जाळं फेकायचे.
जानेवारीत मासे धारेच्या उलट चढू लागले
की आमच्या उशांनाही खवले चिकटलेले.
एका वर्षी फेब्रुवारी सरला तरी
मासे आलेच नाहीत.
हाताला काम नाही म्हणून
बाबा मला डोंगरावर घेऊन गेले.

वर गवत, दोन गाई, कुणाचा तरी मोडका गोठा,
वारा.
आणि पायाखाली गोटे:
गुळगुळीत, वाटोळे,
पाण्याने वर्षानुवर्षं तोंडात घोळवलेले.
इथे कसे? मी विचारलं.
त्यांनी एक उचलला, शर्टाला पुसला,
माशाचे कल्ले बघावेत तसा उलटसुलट पाहिला.
म्हणाले, हा तळ आहे.
नदी इथून वाहायची.
डोंगर वर आला नाही, पोरी.
बाकीचं सगळं वाहून गेलं.

उतरताना त्यांचा गुडघा दुखत होता,
माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरले.
पुढच्या वर्षी मासे आले,
त्याच्या पुढच्या वर्षी बाबा नव्हते.

भाऊ, आर्सेसियो, मालाच्या तराफ्यावर चढून
बारांकियाला गेला, तिथलाच झाला.
रविवारी फोन करतो.
‘अजून तिथेच का गं? वर कधी येणार?’
नकाशात तो माझ्या वर, हे खरं,
पण पाणी त्याच्याकडे उतरतं.
हे मी त्याला सांगत नाही.
तेलाचा हात खांद्याला पुसत
हो हो म्हणते.

तो गोटा दुकानाच्या दाराला लावलाय,
वाऱ्याने आपटू नये म्हणून.
दुपारी गिऱ्हाईक नसतं.
समोर सपाट माथा,
आणि त्याच्याही वर
एक काळं गिधाड
पंख न हलवता तरंगत राहतं,
पाणी अजून तिथवर असल्यासारखं.