उसण

तूलिक्कीच्या गाडीत अजून
रायमोची पाठ बसलेली आहे.
गाडी विकून तो नॉर्वेला गेला;
सीटमधला खड्डा मात्र इथेच, त्याच्या मापाचा.

डोक्यामागची उशी मान पुढे ढकलते
जणू हिनंच काही गुन्हा केलाय.
इनारी ते कारिगास्निएमी, शंभर किलोमीटर,
रेनडिअर आडवे आले तर वेळ जास्त.
प्रत्येक अंगणात उतरताना ती
दाराला धरून आधी अर्धीच उभी राहते.

आज पेट्रोल पंपावर तिनं उशी उपसली,
उलटी करून खोचली.
कमरेमागे गुंडाळलेला स्वेटर, बाह्या लोंबत.

आइली, वय ब्याण्णव,
सुई टोचून घेता घेता म्हणाली,
"आणि तुझं कुठं दुखतं?"

सहा हिवाळ्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.
तिनं सिरिंज ठेवली,
आणि पाठ फिरवून दाखवली.