कलम अकरा

धर्मादाय कार्यालयातले खैरनारसाहेब
चेंडू टेबलावर ठेवून बघतात.
तो कलंडतो, फायलींवरून घरंगळत
शिपायाच्या पायाशी.
"गोल नाही?"
नाही साहेब. लांबुळकाच असतो. ऑस्ट्रेलियाचा.

घटना लिहिली सातपूरच्या खोलीत,
दुसरी पाळी संपवून, तीन रात्री.
अध्यक्ष, खजिनदार, सात सभासद,
शिल्लक चौदाशे साठ.
'मार्क'ला मराठी शब्द सापडेना.
पेठची सुमन भोये म्हणाली,
"झेल म्हणा की. दुसऱ्याच्या खांद्यावर चढून घेतला तरी झेलच."
झेल लिहिलं.

नियमावलीत अठरा खेळाडू.
आम्ही नऊ, त्यातल्या दोघी कबड्डीनं पळवलेल्या.
मैदान म्हसरूळचं,
तेही क्रिकेटवाले उठले की.
चार खांब म्हणजे
गायधनींच्या मोडलेल्या द्राक्षबागेतले अँगल,
एकावर अजून तार लोंबते.

"आणि हे काय, कलम अकरा?"
मधल्या खांबांतून गेला तर सहा गुण.
बाजूच्या फटीतून गेला तर एक.
"म्हणजे चुकल्याचा गुण?"
हो साहेब.

साहेब त्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवून बसले.
पंखा फिरत होता.
मग शाईची डबी उघडली.
शिक्का चौकटीच्या जरा बाहेर पडला.

मी एक मोजला.