तीन रात्री

जिल्हा कोर्टाच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड,
तिच्यात सातवं टेबल माझं.
टंकयंत्राचा 'ळ' जरा वर बसतो, त्याला इलाज नाही.
पांढऱ्या शाईची बाटली, रबरी शिक्के,
आणि उजगरे वकिलांची वही.

नहेम्या उजगरे, शरणपुरातले.
त्यांच्या पणजीच्या आईला म्हणे
गुलामांच्या जहाजातून सोडवून नाशकात आणलं होतं.
कुठल्या किनाऱ्यावरची, ते घरात कुणाला ठाऊक नाही.
वहीच्या पहिल्या पानावर एकच शब्द:
लिबेर्तुस. सोडलेला.
खाली पेन्सिलीने: स्वतंत्र नव्हे, सोडलेला. फरक आहे.

वकिली बंद केली त्या दिवशी वही माझ्यापुढे ठेवून म्हणाले,
"हे सगळं रोमचं. पण तुझ्या टेबलावर रोज येतं."

स्तिलुस म्हणजे लेखणी.
एक टोक अणकुचीदार, मेणावर ओरखडायला,
दुसरं चपटं, ओरखडा बुजवायला.
माझी दोन टोकं वेगवेगळ्या खणांत असतात.
काल 'नांदण्यास तयार'च्या आधी 'न' घालायचा राहिला होता.
एवढंसं अक्षर,
त्याच्या डोक्यावर शंभराचा स्टॅम्प.

मानुस म्हणजे हात.
मला हसूच आलं.
माझी सिन्नरची आत्या नवऱ्याला मानूसच म्हणायची:
मानूस मळ्यात गेलंय, मानूस अजून जेवलं नाही.
रोमची बाई लग्न करून मानुसात जायची,
नवऱ्याच्या हाताखाली, त्याच्या लेकीगत.
एका हातातून दुसऱ्या हातात.
आपणही हातच मागतो, हातच पिवळे करतो.
पायांचं कुणी विचारत नाही,
चालत मात्र तिलाच जावं लागतं.

मग उसुस. वापर. वहिवाट.
इथं माझा चहा गार झाला.
भटजी नको, साक्षीदार नको,
बाई वर्षभर सलग घरात राहिली की ती त्याची,
बैलासारखी, पेटाऱ्यासारखी.
वहिवाटीचा हक्क मी दिवसातून चारदा टाईप करते,
पण तो बांधाच्या भांडणात.

पुढच्या ओळीखाली वकिलांनी दोनदा रेघ मारलीय:
वर्षातल्या तीन रात्री, ओळीने, ती बाहेर झोपली
तर मोजणी मोडली.
पुन्हा पहिल्या दिवसापासून.

आई दर माघात भगूरला जायची.
रेक्झिनची पिशवी, दोन लुगडी, तीन रात्री.
देवीचं आहे, एवढंच सांगायची,
आणि देवीपुढे दादांचं काही चालत नसे.
ते कॅलेंडरवर फक्त दुधाचे खाडे मांडायचे,
अर्धा लिटर, अर्धा लिटर, अर्धा लिटर.
ते गेल्यावर एकदा मी विचारलं,
भगूरला काय करायचीस गं?
ती तांदूळ निवडत होती.
म्हणाली, "झोपायचे. वत्सलाच्या माळ्यावर.
उठवायला कुणी यायचं नाही."
देवळात?
"जाताना एकदा. खोटं नको पडायला."

लॅटिनचं एक अक्षर तिच्या कानावरून गेलेलं नव्हतं.

आत्ता समोर सुगंधा कडलग बसलीय, रा. विंचूर दळवी.
सोडचिठ्ठीचा मसुदा. छत्री मांडीवर, आधार कार्ड रुमालात.
सासरी किती वर्षं?
"एकोणीस."
सलग?
ती बोटं मोडत बसते.
"दोन बाळंतपणं. भाऊ वारला तेव्हा तेरावं होईस्तोवर.
आन् एकदा अशीच गेल्ते. त्र्यंबकला.
काय कारण नव्हतं.
ते धरायचं का, ताई?"

कागदावर मी आधीच उमटवून बसलेय:
अर्जदार ही सलग नांदत होती.
वरती चढलेला 'ळ' नाही त्यात, सगळं एका ओळीत, नीट.

किती रात्री? मी विचारते.

ती छत्रीची मूठ फिरवते. मागच्या टेबलावर कुणीतरी
भावाभावांच्या वाटणीचा दाखला मोठ्याने वाचतंय.
"आता कोण मोजतंय," म्हणते.
आणि जरा थांबून, "तीन."

मी पांढरी शाई उघडते.
'सलग'वर एक थेंब,
मग फुंकर.