निश्चित कारण आढळले नाही

सोमवारी एक. बुधवारी दोन.
शुक्रवारी दार उघडलं तर
ते थोराड तपकिरी बदक,
रोज सगळ्यांच्या आधी माझ्या बुटाची नाडी ओढायला धावणारं,
पेंढ्यावर मान टाकून पडलेलं.
मान कशी, तर ओल्या मोज्यासारखी.
रक्त नाही. एक पीस विस्कटलेलं नाही.
कडी जिथल्या तिथे.

कोल्हा आला असता तर बरं झालं असतं.
कोल्ह्याला निदान नावं ठेवता येतात.

फ्रीसलंडमध्ये ऑगस्ट असा नसतो.
तीन आठवडे कालव्याचं पाणी हललं नव्हतं,
वर हिरवी साय धरलेली,
आणि काठच्या चिखलाला असा वास
की दुपारी खिडक्या लावून बसायचो.
विब्रेन म्हणाला, पाणीच. दुसरं काय?
तळाशी काहीतरी सडतं, त्यात अळ्या होतात,
अळ्यांतून विष. आधी मान जाते, मग श्वास.
हे तो इतकं घाईने बोलला
की मी त्याच्याकडे पाहिलं.
तो खुराड्याच्या छपराकडे बघत होता.

जूनमध्ये त्यानेच पत्रे बदलले होते.
जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू, नवे, चकचकीत.
चमकेल ते बदक गिळतं,
हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.
त्या रात्री अंथरुणात तो नव्हता.
खाली अंगणात टॉर्चचा उजेड गुडघ्यांवर रांगत होता,
दोरीला बांधलेलं लोहचुंबक
गवतातून पुढे, मागे, पुन्हा पुढे.
मी पडदा सोडला.
सकाळी त्याने विचारलं, झोप लागली?
मी म्हटलं, छान.

कारण मला विचारायचा काय अधिकार?
राईचा तो पाव मीच घातला होता रविवारी.
बुरशी कापून टाकली होती.
जवळजवळ सगळी.

चित्स्के कुंपणापलीकडून आली, प्लमचा केक घेऊन.
फार वाईट झालं म्हणाली,
मग म्हणाली, आमच्या बाजूला येत नव्हती ना गं ती?
केक कापताना पुन्हा तेच विचारलं, वेगळ्या शब्दांत.
तिच्या डेलियांच्या मुळाशी
गोगलगाईंसाठीचे निळे दाणे असतात.
यंदा मात्र माती नुकतीच खणलेली, काळी, स्वच्छ,
एकही निळा दाणा नाही.

पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं आली.
बूट जंतुनाशकात बुडवून
आमची तीन बदकं पिशव्यांत घालून घेऊन गेली.
नऊ दिवस अंगणाला लाल-पांढरी पट्टी.
पोस्टमन पेटीपाशी आला की श्वास धरायचा.

मग पत्र.
पक्ष्यांचा फ्लू : नाही.
जड धातू : अल्प.
विषबाधा : नमुना अपुरा.
निश्चित कारण आढळले नाही.
विब्रेनने "अल्प"खाली अंगठा ठेवला
आणि बराच वेळ उचलला नाही.
मी "अपुरा" वाचलं, पुन्हा वाचलं.
निर्दोष असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सीत्से आला शनिवारी, आमचा नातू, सात वर्षांचा.
कॉफी व्हायच्या आत रडायला लागला.
मीच मारली, म्हणाला.
टबात नाणं टाकलं होतं, इच्छा मागायला,
आणि तपकिरीने ते पाहिलं होतं.

एवढ्या दिवसांत या घरात
हे वाक्य पहिल्यांदा कोणीतरी उच्चारलं.

विब्रेन काही न बोलता उठला,
टब कलंडवला. घाण पाणी, पिसं, शेवाळ,
आणि विटेच्या फटीत अडकलेले पाच सेंट,
तांबूस, तसेच्या तसे.
चित्स्केही कुंपणाशी येऊन उभी होती.
नाणं धुऊन मी त्याच्या तळहातावर ठेवलं.
तुझं नव्हतं ते, सोन्या. बघ.

त्याने बाहीने नाक पुसलं.
नाणं उलटंसुलटं करून पाहिलं,
मग आमच्याकडे वर बघून, अगदी साध्या आवाजात,
मग कोणाचं?

उरलेली दोन बदकं सांडलेल्या पाण्यात
चोच घालून काहीतरी वेचत होती.
आम्ही तिघं मोठी माणसं
एकदम तिकडे धावलो.