अकरा किलो चारशे

उद्यमनगरची सुट्टी सोमवारी,
म्हणून शाळेआधीचा हा सोमवार माझ्या वाट्याला.
वैजू सीपीआरला, सकाळपाळी.
जाताना फ्रिजला चिठ्ठी लावून गेली :
कपाट रिकामं करा. नुसतं बघत बसू नका.

तर कपाट रिकामं करालोय.
प्रांजलची नववी, तिची आठवी, बारक्या स्वरूपची चौथी.
वॉटरबॅगा तीन, एकीलाही टोपण नाही.
टोपणं वेगळ्याच डब्यात, चार,
त्यातलं एकही कुठल्या बाटलीला बसत नाही.
वीस वर्षं लेथवर आटे पाडतोय मी,
हे आटे कुणी पाडले देव जाणे.

मग बूट. एकच, उजवा, तळ सुटलेला.
"पप्पा, त्यो फुटबॉलचा हाय, टाकू नगा."
टाकला. त्यानं परत आणला.
परत टाकला, परत आणला.
तिसऱ्यांदा मी तिकडं बघितलंच नाही.

वह्यांची मागची कोरी पानं ब्लेडनं कापून घेतो,
दाभणानं शिवली की वर्षभराची रफ वही.
कारखान्यात बिडाचा चुरासुद्धा वजनावर जातो,
कोरं पान रद्दीला कसं द्यायचं?

नववीच्या गणिताचं कव्हर काढताना
पुठ्ठा आणि ब्राउनपेपरच्या मधून
चार घड्यांचा पेपर पडला.
घटक चाचणी. वीसपैकी चार.
लाल शाईत, पालकांची सही.
खाली सही.
माझी.
मी केलेली नव्हे.

स. पां. चौगले.
'च'च्या पोटात माझा तो उगाचचा पीळ,
'ले'ची मात्रा जॉबकार्डावर ओढतो तशी, रेघेबाहेर.
दोन ठिकाणी पेन थांबलंय, कागद दबलाय तिथं.
बाकी मायक्रोमीटर लावला तरी
फरक निघायचा नाही.

कापलेल्या कोऱ्या पानांतलं एक
कोरं नव्हतंच, आता दिसलं.
दोन्ही बाजूंनी मीच होतो,
तिरका, फुगलेला, अर्ध्यात खोडलेला,
खाली खाली येत जरा जरा खरा होत गेलेला.
मोजले. त्रेचाळीस.

तारीख बारा ऑगस्ट.
शिरोलीची ती मोठी ऑर्डर, महिनाभर रात्रपाळी.
मी झोपायचो तेव्हा ती शाळेत,
ती यायची तेव्हा मी डबा घेऊन जिन्यात.
जिन्यातच म्हणाली होती बहुतेक,
"पप्पा, एक सही पायजे होती."
उद्या, म्हणालो असणार.
मी उद्याच म्हणतो.

"काय शोधालाय पप्पा?"
आतल्या खोलीतून.
"टोपण."
"कसलं?"
"असंच."

पेन घेतलं. तिच्या सहीखाली माझी केली.
हात कसा कुणास ठाऊक, अवघडला,
पीळ चुकला, मात्रा आखूड आली.
कुणाही मास्तरांनी दोन्ही शेजारी धरल्या असत्या
तर मलाच बाकावर उभं केलं असतं.

साडेबाराला रद्दीवाला आला.
अकरा किलो चारशे. मी अकरा सहाशे म्हणालो,
तो काटा दाखवत राहिला, मी काट्याकडं बघत राहिलो,
त्याला वाटलं मी भांडतोय.
"साहेब, घ्या अकरा पाचशे."
घेतले.

दुपारी दहावीच्या गणिताला कव्हर मी घालतो म्हणालो.
"तुमाला घडी जमत न्हाई पप्पा."
तरी घातलं. एक कोपरा वाकडा.
आत काय सरकवलं ते
मार्चपर्यंत कव्हर फाटलं तर तिला कळेल.
ती पुस्तकं जपून वापरते, ही एक अडचणच.

वैजू आली, चप्पल काढता काढता
कपाट बघितलं, पुसलेले कप्पे, कागद अंथरलेले.
मान डोलावली. मग दाराजवळ खाली बघून,
"आणि ह्यो एकटा बूट कशाला ठेवलाय?"

"आसू दे की," म्हणालो.