कोणता कागद

लक्ष्मीपुरीत शिकलगारांच्या दुकानात
इरफाननं काउंटरवर पाच पाकिटं मांडली
पत्त्यांसारखी, उलटीसुलटी.
ग्लॉसी एकशेऐंशी, ग्लॉसी दोनशेसत्तर,
मॅट, सॅटिन, आणि एक लस्टर.
"हे महाग पडतंय ताई, कोण नेत नाही फारसं."

आण्णा म्हणाले, फोड.
"फोडलं की घ्याय लागतंय, काका."
"घेतो की. हात तर लावू दे."

आण्णांचे दोन्ही पडदे मधोमध गेलेत.
माणूस दिसतो तो कडेकडेनं,
खांदे, कान, साडीचा काठ.
तोंडाच्या जागी धुरकट डाग.
त्यांनी कागद कानाशी धरला
आणि कोपऱ्याला टिचकी मारली.
पातळ ग्लॉसी पत्र्यासारखा वाजला,
मॅट गप्प, सासुरवाडीला आल्यासारखा.
मग जिभेचं टोक लावलं:
चिकटते ती बाजू शाईची.
इरफान बघतच राहिला.
भाऊसिंगजी रोडवर चाळीस वर्षं रिटचिंग केलेल्या माणसाला
कागदाची पाठ कुठली न् पोट कुठलं
हे सांगावं लागत नाही.

घरी आई म्हणाली, चकचकीत काढ गं,
लाईट पडला की लखलखलं पाहिजे.
पन्नास वर्षं झाली लग्नाला.
(नावच हौसाबाई. काय करणार?)

फोटो एकच आहे तिचा तेव्हाचा.
मुरगूडहून एसटीनं येऊन काढलेला,
स्टुडिओची खुर्ची, हातात कागदी गुलाब,
गाल असा की त्यावर पाणी ठरू नये.

आधी ग्लॉसी.
काळ्यापांढऱ्याला जांभळी झाक आली,
पण आई खूश.
आण्णांनी अंगठा फिरवला, ओलाच होता,
गुलाब पुसला गेला जरासा.
"काच आहे ही," म्हणाले. "हिच्यात ती नाही."

आणि मग, प्रिंटरकडे कान लावून,
जणू त्यालाच सांगत होते:
देवीचे वण होते हिच्या गालावर.
निगेटिव्हमधनं उजेड यायचा एकेका खळग्यातनं.
थ्री एच पेन्सिल, पॉलिशपेपरवर सुईसारखं टोक,
भिंग लावून तीन रात्री बुजवत बसलो.
स्थळ कागलचं होतं. सोमवारी फोटो पाठवायचा होता.
बुजवता बुजवता पाठ झाले सगळे.
सोमवारी फोटो गेलाच नाही.

आतून भांड्यांचा आवाज थांबला.
"मला ठाऊक हाय," आई म्हणाली,
"फोटो झाला का म्हणून विचाराय
दोनदा कोण आलं होतं मग?"

रात्री मी लस्टर लावला.
कागदाचा प्रकार बदलला, क्वालिटी सगळ्यात वरची,
सहा मिनिटं तो डबा पुढंमागं करत राहिला
चुलीशी बसलेल्या माणसासारखा कण्हत.
ऑगस्टची हवा, शाई वाळायला मागत नव्हती.
पंख्याखाली उताणा ठेवला,
वर काही झाकलं नाही, काचही नाही.

सकाळी आण्णांनी बोट टेकवलं.
कागदाला बारीक दाणा, रव्यापेक्षाही बारीक.
बोट गालावरून हळू गेलं,
थांबलं, मागं आलं.
"हां. इथं. डाव्या बाजूला दाट होते."

मी बोलले नाही
की हाच दाणा खुर्चीवर आहे, गुलाबावर आहे,
कडेच्या कोऱ्या पट्टीवरसुद्धा आहे.

ग्लॉसी हॉलमध्ये लागला, ट्यूबलाईटसमोर,
पुसलेल्या गुलाबासकट.
लस्टर आण्णांच्या उशाशी.
पाकिटात अजून अठरा कागद शिल्लक आहेत,
त्यांचं काय करायचं कोणी सांगत नाही.

आईनं चहा ठेवता ठेवता
एकदाच त्यावर बोट फिरवलं,
पदराला पुसलं,
म्हणाली,
"एवढे नव्हते हं."