फर्मा

तीन पायांची लोखंडी कॉट गेली, पितळेची घागर गेली.
शब्बीरच्या तराजूचा काटा जरा आमच्याविरुद्धच झुकत होता,
पण शनिवारपर्यंत घर रिकामं करायचं होतं
आणि ऊन असं, की पायरीवर उभं राहवेना.

नानाचा डबा मी परत काढून घेतला.
बुडाला गिरणीचा टोकन नंबर ठोकलेला, चारशे सतरा.
झाकण उघडलं. शेंगाचटणीचा वास येईल असं वाटलं.
नुसता ॲल्युमिनियमचा आला.

मग फाटक्या सुपाखालून निघाला आईचा फर्मा.
पत्र्याचा तुकडा, चार बोटं लांब, तीन बोटं रुंद.
ह्याच्याएवढंच पान, ना जास्त ना कमी.
भिजलेलं तेंदूचं पान, वर फर्मा, भोवतीनं कात्री.
पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचा दिवस,
त्यातल्या पन्नास-साठ कारखान्यात छाट म्हणून जायच्या,
त्यांची मजुरी नाही.
आई मोजायची तेलुगूत. ओकटी, रेंडू, मूडू.
आम्ही पाढे म्हटले मराठीत, भांडलो मराठीत,
पण आजही बँकेत नोटा हातात आल्या
की माझे ओठ ओकटी म्हणतात.
कॅशियर वर बघतो.

फर्म्याचा एक कोपरा वाकलेला आहे.

त्याचं असं.
गिरणी बंद पडली त्या मे महिन्यात
नाना रोज डबा घेऊन निघायचा,
कन्ना चौकात बसून परत यायचा.
काम बघायला गेलेत, आई शेजारच्या अंबव्वाला सांगायची.
रात्री जेवणं झाली की दाराला कडी,
खिडकीला चादर,
पानं वाळतात म्हणून फॅन बंद,
आणि नाना भिंतीकडे तोंड करून पानं कापायला बसायचा.
पुरुषानं विडीचं पान कापलेलं
आमच्या आळीत कुणी बघितलं नव्हतं.
माग चालवलेले हात. कात्री फर्म्यावरून घसरायची.
वेडंवाकडं निघालेलं पान आई न बोलता घ्यायची,
पाठ वळवून पुन्हा नीट कापायची.
एका रात्री त्यानं ते बघितलं.
फर्मा भिंतीवर आदळला. आवाज लहानच,
रुपया पडावा एवढा.
सकाळी तो डबा घेऊन निघाला.
तिनं भरून ठेवला होता.

भूदेवी म्हणते, काहीही सांगतोस बघ.
नाना विडीच्या पानाला कधी शिवला नाही.
तूच त्यानं अंगणातली माती उकरायचास,
तूच वाकवलास, मार खाल्लास आणि विसरलास.
माझ्याहून सहा वर्षांनी मोठी ती.
असेलही.
खिडकीला चादर लावताना दुसरं टोक कोण धरायचं,
हे मी तिला विचारलं नाही.

हे पण टाकू का, शब्बीर म्हणाला.
वद्दु, म्हणालो आम्ही दोघं, एकदम.
तो हसला. साखर पेठेत तेवढं तेलुगू
सगळ्यांनाच कळतं.
ठेवा की ओ, वजनात येतंय कुठं ते.

भूदेवीनं फर्मा पदराला पुसला,
उजेडात धरला,
अंगठ्यानं कोपरा सरळ करायला गेली
आणि थांबली.